मंगळवारचं पाणी

धोंडखेडा
१६ फेब्रुवारी १९८९

आशाताई,

तुझा तिळगूळ पोचला, निम्मा नानासाहेब भाऊजींच्या नातवंडांनी पळवला, आणि पोच द्यायची मात्र माझ्याकडून राहिली. रागावू नकोस. आज लिहायला बसले ती कामासाठी. काम असं आहे की तुझ्याशिवाय कुणाला सांगता येत नाही.

आपल्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर अगाथा पावसाळ्यात आपल्याला खाम नदीवर न्यायच्या, आठवतं? पाण्यात लिंबू सोडायच्या आणि आपण काठानं त्याच्याबरोबर पळायचं. त्यावरून नदीला पाणी किती ते काढायचं. मला फक्त लिंबू आठवतं, आणि तू चिखलात घसरून पांढऱ्या फ्रॉकची केलेली दशा. पुढचं गणित शिकायच्या आत पोलीस ॲक्शन झाली, दुसऱ्या वर्षी माझं लग्न झालं, आणि तुमच्या घरातली माझी कॉट मावशीनं उचलून ठेवली. ते गणित आता मला हवं आहे. तू तर भूगोलच शिकवतेस.

आमच्या निरगुडी ओढ्यावर योजना येते आहे. भाऊजी, म्हणजे यांचे धाकटे भाऊ, तिचे पुढारी. डोहातून पाणी उपसायचं, पाइपानं वरच्या माळावर न्यायचं आणि तिथं मोसंबी लावायची. काही घरांनी मिळून सोसायटी केली आहे. त्यात आमचंही घर आहे. सरकारी खात्याची एकच अट आहे. उन्हाळ्यात ओढ्याला किती पाणी राहतं ते आधी मोजायचं. खालच्यांना पुरेल इतकं राहत असेल तर बारमाही उपशाची परवानगी, नाहीतर फक्त माघापर्यंत. एप्रिल संपता संपता निकाल लागेल.

खालची म्हणजे मुंजाबाची वस्ती. धनगरांची घरं. दिवाळीनंतर त्यांची मेंढरं खताला आमच्या रानात बसतात, म्हणून तर आमचा गहू असा येतो. त्यांचं पिण्याचं पाणी ओढ्याच्या कडेच्या झिऱ्यातलं. मुंजाबाची बायको पुतळाबाई परवा मागच्या दारानं आली. म्हणाली, "बाई, आमचा झिरा आत्ताच दुपारून आटतोय. वाटी वाटीनं भरतो आमी. पाइप टाकल्यावर वैशाखात काय पियाचं? मेंढरं चालत जाऊन पाणी गाठतील. म्हाताऱ्यांनी कुठं जावं?"

मी म्हटलं, "साहेब मोजतायत ना गं."

"सायब म्हंत्यात लई पाणी हाय. कुठं हाय तेवढं दावा म्हणावं."

ती गेली आणि माझ्या हातून भाकरी करपली. ताई, मी ठरवलंय. पाणी मी स्वतः मोजणार. कसं मोजायचं ते सांग. घरात कुणाला सांगितलेलं नाही, यांनासुद्धा नाही. उत्तर मात्र खुशाल घरच्या पत्त्यावर पाठव. आमच्याकडे बायकांची पत्रं कुणी उघडत नाही. त्यांत लोणच्याशिवाय काही नसतं असा सगळ्यांचा समज आहे.

तुझी
द्वारका


औरंगाबाद
२४ फेब्रुवारी १९८९

द्वारके,

तुझं पत्र मुकुंदवाडीच्या या लहानशा घरात मी उभ्यानं वाचलं आणि मग कॉटवर बसून पुन्हा वाचलं. चाळीस वर्षांत तू मला विचारलंस ते मुलांच्या खोकल्याचं औषध, स्वेटरचा टाका आणि एकदा पुडिंग. आज पहिल्यांदा सिस्टरच्या वर्गातलं काही विचारलंस. सिस्टर असत्या तर काळी छत्री जमिनीवर आपटून म्हणाल्या असत्या, "ॲट लास्ट!"

पण लिंबाचा उपयोग नाही. लिंबाला पुराचं पाणी लागतं. उन्हाळ्यातल्या ओढ्यात ते पहिल्याच दगडाला टेकून बसेल. थोडं पाणी मोजणं जास्त पाण्यापेक्षा अवघड असतं. म्हणून पत्र्याची युक्ती करायची. पत्र्याच्या वरच्या कडेला मधोमध तिकोनी खाच पाडायची, टोक खाली. तो पत्रा ओढ्यात आडवा उभा करायचा, दोन्ही बाजू आणि बूड चिखलानं लिंपायचं, म्हणजे सगळं पाणी खाचेतूनच जाईल. जास्त पाणी असेल तर खाचेत वर चढेल, कमी असेल तर खाली राहील. चढउतार थांबेपर्यंत वाट बघायची आणि मग मोजायचं. मोजायचं ते खाचेजवळ नव्हे, कारण तिथं पाणी वाकतं. दोन हात मागं खुंटी ठोक, तिचं डोकं खाचेच्या टोकाच्या पातळीत ठेव. त्या डोक्यावर किती बोटं पाणी आहे ते बघ. खात्याची अट मी इथल्या कार्यालयात विचारून तुझ्यासाठी बोटांत बसवली आहे. चार बोटं किंवा वर असेल तर अट पुरी. चारच्या खाली असेल तर पुतळाबाई खरी.

पत्रा मी काल शहागंजात जाऊन करून घेतला. तो म्हातारा पत्रेवाला तुला आठवेल, आपल्या पाण्याच्या गळक्या बाटल्यांना डाग द्यायचा तोच. आता त्याला दिसत कमी, पण हात तसाच. नक्षा बघून म्हणाला, "आपा, ये डब्बे का ढक्कन है क्या?"

म्हटलं, "नाही चाचा, पाणी मोजायला."

"पानी कू कौन मापता? आया तो भर लेना!"

आणि इतका हसला की मलाही हसू आवरेना. पण खाच अशी सुरेख कापली आहे की कागद ठेवून बघितला तरी फट दिसत नाही.

बन्सी कंडक्टर येत्या रविवारच्या गाडीनं आणेल. माझ्या एका विद्यार्थिनीचा भाऊ आहे, विश्वासाचा. कुणी विचारलं तर सांग, ताईनं चुलीमागं लावायला पत्रा पाठवला.

पाण्यात जपून उतर. तुझे गुडघे आता सोळा वर्षांचे नाहीत.

तुझी
आशा


धोंडखेडा
८ मार्च १९८९

आशाताई,

पत्रा पोचला. चुलीमागं शोभेल असंच सगळे म्हणाले.

काल मोजलं! पहिल्यांदा आपल्या हातानं. सारजाबाईला बरोबर घेतलं होतं. सारजा म्हणजे आमच्याकडे भांड्याला येते ती. पोटात गोष्ट ठेवणारी एवढी एकच बाई या गावात आहे. ओढ्यात उतरताना माझी इतकी तिरपीट उडाली की ती म्हणाली, "बाई, लुगडं वर घ्या. हितं कोन बघायला ऱ्हायलंय!" मग मी लुगडं वर खोचलं. थंड पाणी पोटऱ्यांना लागलं आणि ताई, मला एकदम आपल्या कॉन्व्हेंटातला हौद आठवला. आपण पाय सोडून बसायचो आणि शिक्षा म्हणून दोघींना वेगवेगळ्या भिंतींकडे तोंड करून उभं करायचे.

चिखल लिंपायला वेळ लागला. दोनदा पत्रा आडवा झाला. तिसऱ्यांदा उभा राहिला, पाणी मागं साचलं, चढलं आणि खाचेतून बारीक धार धरून पलीकडे पडायला लागलं. सारजा म्हणाली, "अगं बया, गाईची धार काढल्यावानी!" मी खुंटीवर बोटं ठेवली.

सहा बोटं भरलं, ताई. चार नाही, सहा.

मी तीन वेळा मोजलं. मग पत्रा काढून निरगुडीच्या झुडपात लपवला आणि घरी आले. साहेबांनी सकाळीच मोजलं होतं, त्यांचंही असंच काहीतरी आलं. मोजून झालं की ते आमच्याकडे जेवतात. त्यांना वाढता वाढता मी ऐकलं. रामकिसन म्हणून कोवळे अभियंते आहेत, घाबरत घाबरत दुसरी पोळी घेतात. खोटं लिहिणाऱ्यातले वाटत नाहीत.

मग पुतळाबाई असं का म्हणते?

द्वारका


औरंगाबाद
१५ मार्च १९८९

द्वारके,

एका मापानं काही ठरत नाही. सिस्टर आपल्याला एकाच जागी पुन्हा पुन्हा न्यायच्या तेव्हा मी कुरकुर करायची. आता दरवर्षी मीच माझ्या मुलींची कुरकुर ऐकते. मोजत राहा. उन्हाळा तर आत्ता लागतोय.

एक गोष्ट मागच्या पत्रात सांगायची राहिली. सिस्टर पाण्याच्या आकड्यापुढं आणखी एक रकाना आखायला लावायच्या. आजूबाजूला काय चाललंय ते लिहा म्हणायच्या. ऊन आहे का, वारा आहे का, धोबी घाटावर आहेत का, म्हशी पाण्यात बसल्यात का. तू एकदा लिहिलं होतंस, 'सिस्टरची छत्री उलटी झाली', आणि त्यांनी ते खोडलं नव्हतं. तसं तूही लिहीत जा. आणि मलाही कळव. मला तुझा ओढा बघायचा आहे. चाळीस वर्षांत मी तुझं घर दोनदा पाहिलं, दोन्ही वेळा लग्नाच्या गर्दीत. ओढा तू दाखवलाच नाहीस.

पुतळाबाईवर एवढ्यात शंका घेऊ नकोस. स्वतःवरही घेऊ नकोस.

आशा


धोंडखेडा
५ एप्रिल १९८९

आशाताई,

मी हरले.

काल पुन्हा मोजलं. त्याआधी तीनदा मोजलं होतं. कधी साडेपाच बोटं, कधी पाचाला थोडं कमी. चारच्या खाली एकदाही नाही. साहेबांचा तक्ता ग्रामपंचायतीच्या दाराला लावलाय. तो यांनी कागदावर उतरवून आणला, तेव्हा माझ्या आकड्यांशी ताडून पाहिला. दोन्ही भावंडांसारखे जुळतात. भाऊजी ओसरीवर बसून मोसंबीच्या रोपांचा हिशोब करत होते. मला ऐकू जाईल असं म्हणाले, "सरकारनं मोजलंय बरं का. कुणी काय म्हणंना."

परवा पुतळाबाई आली. म्हणाली, झिरा कोरडा पडलाय, दीड कोसावरच्या विहिरीवर जातो. माझा तोल गेला, ताई. मी म्हणाले, "पुतळाबाई, पाणी मी स्वतः बघितलंय. खोटं कशाला बोलतेस?"

ती रडली असती तर बरं झालं असतं. ती हसली. म्हणाली, "बघितलंय व्हय? मंग तुमचं पाणी हितंच फिरून माघारी जात असंल. आमच्याकडं येत नाय." आणि मागं न बघता गेली. सारजा दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

आजूबाजूला काय चाललंय ते कळव म्हणालीस. कळवण्यासारखं काही नाही, आणि तेच मला सगळ्यांत आवडतं. इतकी शांतता असते. काठावर पाणी उपसायची आठ-दहा इंजनं आहेत, आमचंही आहे, पण सगळी गप्प. एरवी त्यांच्या फटफटीनं घरात बोललेलं ऐकू येत नाही. वाटेवर माणूस नाही, बैलगाडी नाही. एक खंड्या येऊन पाइपावर बसतो. सारजा दगडावर तंबाखू मळते, मी पाण्यात पाय सोडून बसते. साऱ्या आठवड्यात तेवढाच वेळ माझा असतो. घरातले सगळे पुरुष वडगावच्या बाजाराला गेलेले असतात, भाऊजी साहेबांच्या जीपमधून जातात, सुना दुपारच्या झोपतात. त्या वेळी मी कुणाची वहिनी नसते, कुणाची सासू नसते.

तेवढ्यासाठी तरी पत्रा ठेवून घेते. योजनेचं मात्र मी आता तोंड उघडणार नाही. मी चुकले होते.

द्वारका


औरंगाबाद
१० एप्रिल १९८९

द्वारके, माझी बाई,

हरली नाहीस. थांब. शांतपणे वाच.

आमच्या नळाला पाणी कसं येतं ते तुला ठाऊक आहे. करंगळीएवढी धार, तीही रुसल्यासारखी. मागच्या आठवड्यात एका सकाळी बादली भरून वाहायला लागली. मला वाटलं, आता सुधारलं. संध्याकाळी कळलं, गल्लीतल्या वरच्या अंगाची तीन घरं एकाच लग्नाला गेली होती. त्यांच्या मोटारी बंद होत्या. पाणी वाढलं नव्हतं, ओढणारे नव्हते. दुसऱ्या दिवशी ते आले आणि माझी करंगळी परत आली.

काल रात्री तुझं पत्र चौथ्यांदा वाचलं आणि बादली आठवली. तू लिहितेस, इंजनं गप्प. तू लिहितेस, सगळे बाजाराला. द्वारका, तुमचा बाजार मंगळवारी असतो. तुझी पत्रं काढून तारखा बघितल्या. तू दर वेळी बाजारच्या दिवशी मोजतेस, कारण तेवढ्याच दिवशी तुला ओढ्यावर जाता येतं. आणि साहेब? त्यांना जीप मंगळवारीच मिळत असली पाहिजे, नाहीतर भाऊजी तिच्यातून बाजाराला कसे जातील?

तुम्हा दोघांची मापं जुळतात ती पाणी आहे म्हणून नव्हे. दोघंही एकाच रिकाम्या दिवशी जाता म्हणून.

भाऊजी खोटं बोललेत असं मी म्हणत नाही. साहेब आले तेव्हा इंजनं बंदच होती. तेही खरं, पुतळाबाईही खरी. फक्त आठवड्यातल्या बाकीच्या दिवसांचं पाणी अजून कुणी मोजलेलं नाही.

आता तुला काय सांगते आहे ते मला कळतं. ते सांगायला मी रात्रभर धजत नव्हते. तुला दुसऱ्या कुठल्यातरी दिवशी जावं लागेल. दुपारी, सगळी इंजनं चालू असताना. त्यात तुमचं स्वतःचंही असेल. आणि काठावर सगळे असतील. लपून मोजलेलं पाणी खरं येणार नाही, द्वारके. आणि तो शांत तास, तो तुला सोडावा लागेल.

तू नाही म्हणालीस तरी मी तुझीच आहे. मी इथं पंख्याखाली बसून लिहिते आहे, राहायचं तुला आहे.

आशा


औरंगाबाद
१९ एप्रिल १९८९

द्वारका,

नऊ दिवस झाले. बन्सी म्हणतो, स्टँडवर तुमच्याकडचं कुणी दिसलं नाही. मी फार मागितलं का? रागावली असलीस तर तसं तरी लिही. कार्डावर एक ओळ पुरे.

आशा


धोंडखेडा
२२ एप्रिल १९८९

आशाताई,

रागावले होते. तुझ्यावर नाही. तुझं पत्र वाचल्यावर मंगळवार आला, सगळे बाजाराला गेले आणि मी ओढ्यावर गेले नाही. दार लावून बसून राहिले. एवढी एक गोष्ट माझी होती आणि तीच खोटी निघाली, याचाच राग आला होता. मग पुतळाबाईचं हसणं आठवलं. मी जिला खोटं म्हटलं ती दीड कोस चालत होती आणि मी गार पाण्यात पाय सोडून बसले होते.

परवा गुरुवारी गेले. दुपारी जेवणं झाल्यावर, पुढच्या दारानं. पत्रा सारजाच्या डोक्यावर, कुदळ माझ्या हातात. ओसरीवर हे पडले होते. म्हणाले, "कुठं?"

"ओढ्यावर. पाणी मोजायला."

त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं, कुदळीकडं बघितलं. मी पायरी उतरले.

काठावर सगळी इंजनं चालू. धुराचा वास, फटफट. भाऊजी आमच्याच इंजनापाशी होते. मला बघून त्यांनी आधी डोक्यावरची टोपी नीट केली.

"वहिनी? इकडं कुठं? घरात पाणी सरलं व्हय?"

"घरात आहे. खाली आहे का ते बघते."

बाकीचे हसले. पुंजाराम म्हणून यांचा चुलतभाऊ आहे, तो ओरडला, "आरं हलगी आणा रं! थोरल्या घरच्या बाईसाहेब वढ्यात उतरल्या!" माझे कान तापले, ताई. पण पाय आपोआप ओळखीच्या दगडावर पडत गेले. इतके मंगळवार मी काय शिकले होते ते मला तेव्हा कळलं. पत्रा पहिल्याच झटक्यात उभा राहिला. सारजानं चिखल लिंपला. मी खुंटी ठोकली आणि वाट बघत उभी राहिले.

पाणी मागं साचलं. थोडं चढलं. मग थांबलं. खाचेच्या टोकाखालीच थांबलं. खुंटीचं डोकं कोरडं. पत्र्याच्या पलीकडे ओला खडक होता, तोही माझ्यासमोर वाळत गेला.

हसणं बंद झालं होतं, पण इंजनं चालूच होती. भाऊजी म्हणाले, "तुमचा पत्राच वाकडा असंल."

"याच पत्र्यानं मंगळवारी पाच बोटं मोजली, भाऊजी. मंगळवारी सरळ असतो, गुरुवारी वाकडा होतो का?"

तेवढ्यात काठावर हे दिसले. चालत आले होते, चपला हातात. सगळ्यांना वाटलं, आता बाईला वर बोलावणार. मलाही तसंच वाटलं. ते खाली उतरले, माझ्या शेजारी उभे राहिले, वाकले आणि खुंटीच्या डोक्यावर बोट फिरवलं. मग ते बोट बघितलं. कोरडं होतं.

"खाली जात नाही काही?"

"नाही."

एवढंच. ते वर चढले आणि घरी गेले. इंजन बंद करायला सांगितलं नाही, मला घरी चल म्हणाले नाहीत. रात्री अंथरुणावर म्हणाले, "मी नानाच्या विरुद्ध उभा राहणार नाही. एकाच घरात भाकरी खायची आहे. पण तू उभी राहिलीस तर अडवणार नाही." आधी मला वाईट वाटलं. मग वाटलं, चाळीस वर्षांत यांनी मला दिलेलं हे सगळ्यांत मोठं काहीतरी आहे.

काल रामकिसन साहेबांना अर्ज लिहिला. एकच मागणी: बाजाराचा दिवस सोडून कुठल्याही दिवशी दुपारी या. सही माझ्या पूर्ण नावाची केली. 'आप्पासाहेबांची पत्नी' असं लिहिलं नाही. नेऊन दिला सारजाच्या जावयानं. आता बघू.

द्वारका


औरंगाबाद
२६ एप्रिल १९८९

द्वारके,

तुझं पत्र मी शाळेत, दहावीच्या रिकाम्या वर्गात वाचलं. मग फळ्यावर मोठी तिकोनी खाच काढली आणि बाकावर बसून तिच्याकडे बघत राहिले. शिपाई आत आला, म्हणाला, "बाई, सुट्टी लागली की!"

साहेब आले नाहीत तर कळव. मी त्यांच्या वरच्यांकडे जाऊन बसेन. भूगोलाच्या बाईला कार्यालयातून घालवणं सोपं नसतं. आणि आले तर त्यांना मोजू दे, तू मोजू नकोस. फक्त समोर उभी राहा.

खोट्या निघालेल्या तासाचं वाईट वाटून घेऊ नकोस. तो तास खोटा नव्हता. पाणी फसवं होतं, तू नाही.

आशा


धोंडखेडा
१० मे १९८९

आशाताई,

आले. जीप मंगळवारीच मिळते म्हणून भर उन्हात मोटारसायकलवर आले, टोपी नाही, तोंड लाल झालेलं. भाऊजींनी जेवायला बोलावलं तर म्हणाले, "आधी मोजतो." त्यांचा पत्रा माझ्यापेक्षा झकास आहे, पितळी पट्टी बसवलेला. पाणी मात्र तेच. काही नाही. ते खाचेकडे बघत, मान वर न करता म्हणाले, "काकू, मी दर वेळी वहीत लिहीत आलो, इंजने बंद. का बंद ते एकदाही विचारलं नाही." मी म्हटलं, "मीही नाही विचारलं. मी तर इथलीच." मग त्यांनी आणखी दोन दिवस येऊन मोजलं. मी समोर उभी राहिले, नुसती.

निकाल आला. माघानंतर उपसा नाही. आणि काठावरच्या इंजनांनाही उन्हाळ्यात एक दिवसाआड पाळी. भाऊजींनी मोसंबीची निम्मी रोपं परत पाठवली. माझ्या हातचं जेवत नाहीत, त्यांची चूल आता वेगळी झाली आहे. ओसरीवरून जाताना एकदा म्हणाले, "वहिनी, तुमच्या पत्र्यानं बाग खाल्ली माझी." मी म्हटलं, "निम्मी तर राहिली, भाऊजी. त्या निम्मीला माघापर्यंत भरपूर पाणी आहे." सकाळी मात्र त्यांची नात दुधाचा तांब्या घेऊन आली, रोजच्यासारखी. एवढं चालू आहे. वाटणीचं दुःख मला होतं, खोटं कशाला सांगू. स्वयंपाकघरात निम्मेच पाट मांडताना हात अडखळतो.

वस्तीवर गेले होते. पुतळाबाई घोंगडीसाठी लोकर निवडत होती, उठली नाही. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हटलं, "तू खरं बोलत होतीस. मी मंगळवारी बघत होते. मंगळवारी पाणी असतं."

तिनं लोकर खाली ठेवली. "मंगळवारी?" आणि कपाळावर हात मारून घेतला. "अवो बाई, मंगळवारी आमी बी बाजारालाच जातो की! घोंगड्या विकायला, कोकरं विकायला. वस्तीवर दोन म्हाताऱ्या तेवढ्या ऱ्हात्यात. आमची सासू म्हणायची, मंगळवारी झिरा भरल्यावानी दिसतो. आमाला वाटायचं, आमी भरायला नसतो म्हणून भरल्यावानी दिसतो!"

मग आम्ही दोघी इतक्या हसलो की तिची सासू आतून काठी आपटायला लागली. काठावर ते, खाली ही, मधे मी, आणि जीपवाले साहेब. एवढी वर्षं आठवड्यातून ओढ्याला दुपारचं पाणी असण्याचा एकच दिवस, आणि त्याच दिवशी सगळे पाठ फिरवून बाजारात.

आता पाळी लागल्यापासून झिऱ्याला एक दिवसाआड पाणी येतं. पुरतं असं नाही, पण दीड कोस चालायचं थांबलं. मी सोमवारी आणि गुरुवारी मोजते, पुढच्या दारानं जाऊन. पत्रा आता झुडपात ठेवत नाही. ओसरीच्या भिंतीला टेकवलेला असतो. पुंजाराम भाऊजी जाता येता विचारतात, "काय बाईसाहेब, किती बोटं?" चिडवायला विचारतात, पण उत्तर ऐकायला थांबतात. तू यायचं कबूल कर. सुट्टी लागली आहे, आता लग्न नाही, गर्दी नाही. ओढा दाखवते. तू उतरायचं, मी काठावर उभी राहून हसणार, तुझा फ्रॉक आठवून.

काल बाजार होता. सकाळी पुतळाबाई दारात आली, पुढच्या दारात, म्हणाली, "चला की, एकट्या घरात काय करता?" यांच्याकडे बघितलं, तर ते गाडीत माझ्यासाठी पोतं अंथरत होते. लग्न होऊन आल्यापासून मी वडगावचा बाजार बघितला नव्हता. बांगड्या भरल्या, हिरव्या. शेंगदाणे खाल्ले. कासाराच्या बाईनं विचारलं, "कोणाच्या घरच्या?" बरोबर आलेल्या सारजानं मला बोलूच दिलं नाही, "ह्या पाणी मोजत्यात त्या," म्हणाली, आणि कासारीण त्यावर असं बघायला लागली की जणू मी सरकारी नोकरीत आहे.

गाडीत परत येताना उतारावरून ओढा दिसला. उन्हं उतरली होती, इंजनं बंद होती, काठावर कुणी नव्हतं. खंड्या असेल. काल किती बोटं पाणी होतं ते मला माहीत नाही, ताई. मी बाजारात होते.

तुझी
द्वारका